बेंगळुरूची खरेदी : आधी कापडाचे गाव विचारा

उद्यान एक्सप्रेस बेंगळुरूच्या मुख्य स्थानकात शिरली तेव्हा बाहेर आषाढाची भुरभुर चालू होती. सोलापूरहून आदल्या दिवशी दुपारी निघालेली मावशी रात्रभर नीट झोपली नव्हती. उतरताना तिने एका हातात रिकामी मोठी बॅग घेतली आणि दुसऱ्या हाताने पर्सची चेन पुन्हा एकदा चाचपून पाहिली. पर्समध्ये पैसे फारसे नव्हते. होती ती चार घड्या घातलेली एक यादी.

मावशीच्या मुलीचे लग्न मार्गशीर्षात सोलापूरला व्हायचे होते. मुलगी तीन वर्षांपासून बेंगळुरूला नोकरी करते. तिला रजा मोजकीच. तेव्हा कपड्यांची खरेदी तिच्या सोबतीने तिथेच करावी असे ठरले आणि मावशीला आधार म्हणून मी निघाले. मावशी निवृत्त प्राथमिक शिक्षिका. काका जाऊन आठ वर्षे झाली. पेन्शनमधून साठवलेल्या पैशांतले ६०,००० रुपये तिने कपड्यांसाठी वेगळे काढले होते. पण घरच्या बायकांनी मिळून केलेल्या यादीची बेरीज ६९,४०० रुपये झाली होती.

‘‘एकुलती एक मुलगी. इतका हात आखडून कसं चालेल?’’ जाऊबाई म्हणाल्या होत्या. ‘‘पाटल्या ठेव बँकेत. सोनेतारण कर्ज तासाभरात मिळतं हल्ली.’’

त्या पाटल्या माझ्या आजीच्या. मावशीने त्या कधी गहाण टाकल्या नाहीत, काकांच्या आजारपणातसुद्धा नाही. गाडीत मध्यरात्री कधीतरी ती हळूच म्हणाली, ‘‘नऊ हजार चारशेच कमी पडतात गं. तेवढ्यासाठी पाटल्या काढायच्या?’’ मला उत्तर सुचले नाही.

पहिल्याच दिवशी फसलो

चुकांपासून सुरुवात करते, कारण शिकलो त्या चुकीतूनच. दुपारी आम्ही दोघी रिक्षात बसलो आणि ‘‘साड्यांच्या बाजारात न्या’’ एवढेच सांगितले. रिक्षावाल्याने मोठ्या आपुलकीने ‘‘थेट कारखान्याच्या भावात’’ साडी मिळणाऱ्या एका दुकानापुढे नेऊन सोडले. दुकान थंडगार, गादीवर बैठक, हातात कॉफी. विक्रेत्याने पंचवीस साड्या पसरल्या. एवढे पसरल्यावर काहीच न घेता उठायचे कसे, या भिडेने मावशीने ‘सॉफ्ट सिल्क’ म्हणून एक साडी १,८०० रुपयांना घेतली.

रात्री मावसबहिणीने पदराच्या गोंड्यातला एक धागा काढून काडीने पेटवला. धागा वितळला आणि टोकाला टणक काळा मणी तयार झाला. म्हणजे साडी रेशमाची नव्हतीच, पॉलिएस्टरची होती. बिलावर ‘फॅन्सी साडी’ एवढेच लिहिलेले. तक्रार तरी कशाची करणार?

मावशी थोडा वेळ गप्प बसली. मग तिने यादी उघडली आणि सर्वांत खाली लिहिले : ‘शिकवणी फी – १,८००.’ शिक्षिकाच ती!

रिक्षावाल्याने किंवा अनोळखी माणसाने सुचवलेल्या दुकानात त्याची दलाली बहुधा आपल्याच बिलात जोडलेली असते. भारतातल्या कोणत्याही पर्यटनाच्या गावात हाच अनुभव येतो. म्हणून दुसऱ्या दिवशी आम्ही मेट्रोने निघालो. मॅजेस्टिक म्हणजे मुख्य रेल्वे स्थानक आणि बस स्थानकाचा परिसर. तिथून हिरव्या मार्गावर पुढचेच भुयारी स्थानक चिकपेट. २०१७ मध्ये ते सुरू झाले आणि पेठेत जाणे सोपे झाले. वर आलो की समोर पेठच.

पेठांचे शहर

बेंगळुरू म्हटले की आपल्याला काचेच्या इमारती आणि संगणक आठवतात. पण हे शहर मुळात पेठांचे. केंपेगौडा यांनी १५३७ मध्ये मातीचा कोट बांधून आत बाजार वसवला, तो व्यवसायवार. बळेपेट बांगड्यांची, अक्कीपेट तांदळाची, अरळेपेट कापसाची. चिकपेट आणि दोड्डपेट हे त्यातले दोन मुख्य रस्ते, एकमेकांना छेदणारे. कानडीत चिक्क म्हणजे लहान आणि दोड्ड म्हणजे मोठे. दोड्डपेटेचा आज ‘अव्हेन्यू रोड’ झाला आहे. पुण्याच्या रविवार पेठेत किंवा सोलापूरच्या मंगळवार पेठेत वावरलेल्या माणसाला इथे परके वाटत नाही. तीच अरुंद गल्ली, तीच हातगाडी, तेच डोक्यावर गठ्ठे घेऊन ‘बाजू, बाजू’ ओरडणारे हमाल.

आपले नातेही जुने आहे. १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने बेंगळुरू घेतले आणि ते शहाजीराजांकडे जहागीर म्हणून आले. भावसार क्षत्रिय समाजाची मराठी बोलणारी घराणी इथे कापड रंगवण्याच्या आणि शिवण्याच्या धंद्यात पिढ्यानपिढ्या आहेत. एका गल्लीत आम्ही आपसात बोलत असताना शिलाई यंत्रावर बसलेल्या एका वृद्ध शिंप्यांनी मान वर केली. ‘‘सोलापूरचे काय तुमी?’’ त्यांच्या मराठीला कानडी हेल होता. ‘‘आमच्या घरात मराठीच. पन लिवायचं वाचायचं समदं कन्नड.’’ दुकानाच्या भिंतीवर विठोबाची तसबीर होती. आषाढी नुकतीच झालेली, तिला तुळशीचा सुकलेला हार तसाच होता.

मावशीने त्यांना सरळ विचारले, ‘‘काका, इथे खरेदी कशी करायची?’’

ते म्हणाले, ‘‘बाई, भाव इचारू नका आधी. कापड कुठल्या गावचं ते इचारा. जो दुकानदार गाव सांगंल, त्याला कापड ठावं हाय. जो नुसतं ‘एकदम बेस्ट’ म्हनंल, तिथून उठा.’’

पुढचे तीन दिवस आम्ही हाच मंत्र जपला.

चिकपेटची रीत

चिकपेटमध्ये रस्त्यावरचे दुकान आणि आतल्या इमारतीतले दुकान यांत फरक असतो. रस्त्यावरच्या दुकानाला भाडे जास्त, सजावट जास्त, म्हणून भावही चढा. जुन्या इमारतींच्या बोळांत, पहिल्या-दुसऱ्या मजल्यांवर घाऊक व्यापारी बसतात. त्यांतले काही जण एक नग देतच नाहीत, किमान चार-सहा साड्यांचा गठ्ठा घ्यावा लागतो. काही जण किरकोळही देतात, पण तसे आधी विचारावे. व्यापाऱ्यांत मारवाडी आणि गुजराती बरेच, त्यामुळे हिंदी चालते. पण ‘एष्टु?’ म्हणजे ‘केवढ्याला?’ आणि ‘स्वल्प कम्मी माडि’ म्हणजे ‘थोडे कमी करा’, एवढे दोन शब्द कानडीत बोललात तर समोरचा माणूस हसतो, आणि हसलेला दुकानदार थोडा तरी खाली येतो.

वेळही महत्त्वाची. पेठेत सकाळी साडेदहा-अकरापूर्वी फारशी जाग नसते. अनेक घाऊक दुकाने रविवारी बंद असतात. संध्याकाळी गर्दी इतकी की कापड उजेडात नेऊन पाहायलाही जागा मिळत नाही. आम्ही साडेअकराला पोचायचो आणि चारच्या आत निघायचो. मध्ये बळेपेटच्या उडुपी श्रीकृष्ण भवनात मसाला डोसा आणि कॉफी. तेवढ्यात पाय मोकळे होतात आणि डोकेही थंड होते. मावशीचा नियम असा, की पाचशेच्या वरची कोणतीही वस्तू पाहिली की आधी कॉफी प्यायची. कॉफीनंतरही ती डोळ्यांपुढून हलली नाही, तरच घ्यायची. तीन वस्तू अशा कॉफीत विरघळल्या.

महिन्याचा फायदा आम्हाला न मागता मिळाला. कर्नाटकातही आषाढात लग्नकार्ये नसतात. ग्राहक कमी, म्हणून दुकाने ‘आषाढ सेल’ लावतात. पुढे श्रावणात वरमहालक्ष्मीचे व्रत येते, त्या आधी रेशमी साड्यांसाठी झुंबड उडते आणि भाव ताठ होतात. ज्यांचे लग्न तुळशीच्या लग्नानंतर आहे, त्यांनी आषाढात खरेदी उरकावी. मात्र सेलच्या पाटीने हुरळून जाऊ नये. आदल्या आठवड्यात मावसबहीण दोन दुकानांतले भाव वहीत लिहून आली होती. एका दुकानात ‘पन्नास टक्के सूट’ लावलेली साडी तिच्या वहीप्रमाणे आधीच्या भावापेक्षा फक्त दोनशेने स्वस्त होती!

रेशमाची परीक्षा

शालू घ्यायचा होता, आणि शिकवणी फी भरून झाली होती. म्हणून या वेळी सावध होतो.

बेंगळुरूला रेशमाचे शहर म्हणावे असा त्याचा इतिहास आहे. म्हैसूर राज्यात रेशमाच्या किड्यांची पैदास टिपू सुलतानाने अठराव्या शतकाच्या अखेरीस सुरू करवली. पुढे जमशेटजी टाटांनी बेंगळुरूत रेशीम शेती उभारली. बसवनगुडीजवळचा भाग आजही ‘टाटा सिल्क फार्म’ म्हणूनच ओळखला जातो. शहरापासून सुमारे ५० किलोमीटरवरच्या रामनगरला रेशीम कोषांचा फार मोठा बाजार भरतो. केंद्रीय रेशीम मंडळाचे मुख्यालयही बेंगळुरूतच आहे. त्याच मंडळाच्या पुढाकाराने २००४ मध्ये ‘सिल्क मार्क’ सुरू झाला. शुद्ध रेशमाच्या साडीला ही चिठ्ठी लावलेली असते आणि प्रत्येक चिठ्ठीचा क्रमांक वेगळा असतो.

आम्ही जे शिकलो ते असे :

‘आर्ट सिल्क’ म्हणजे कलात्मक रेशीम नव्हे. ‘आर्ट’ हे ‘आर्टिफिशियल’चे लघुरूप, म्हणजे कृत्रिम. ‘सेमी सिल्क’, ‘सॉफ्ट सिल्क’, ‘फॅन्सी सिल्क’ ही व्यापारातली नावे आहेत, शुद्धतेची हमी नव्हे. ती साडी वाईटच असते असे नाही, पण तिला रेशमाचा भाव देऊ नये.

पदराचा सुटा धागा पेटवून पाहा. रेशीम हळू जळते, केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटांत चुरडते. पॉलिएस्टर वितळून मणी होतो. रेयॉन किंवा सुताचा धागा कागदासारखा भर्रकन जळतो. चांगला दुकानदार या परीक्षेला नाही म्हणत नाही.

जर कोणती ते विचारा. चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा दिलेली अस्सल जर आणि तांब्याच्या तारेची किंवा प्लास्टिकची जर यांच्या किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. ‘टेस्टेड जर’ म्हणजे अस्सल जर नव्हे. तशी जर असलेली साडी घ्यायला हरकत नाही, फक्त किंमत त्याप्रमाणे द्यावी.

बिलावर ‘शुद्ध रेशीम’ आणि जरीचा प्रकार लिहून घ्या. लिहून द्यायला जो तयार नाही, त्याच्या तोंडच्या शब्दाला किंमत नाही.

मावशीला म्हैसूर सिल्कचा मोह झाला होता. ती साडी कर्नाटक रेशीम उद्योग महामंडळाची. म्हैसूरच्या राजांच्या काळात, १९१२ मध्ये सुरू झालेल्या कारखान्यात ती विणली जाते. अंगाला चिकटून राहणारे मऊ क्रेप, अस्सल जर, आणि प्रत्येक साडीवर तिचा स्वतंत्र क्रमांक. नक्कल पुष्कळ निघतात, म्हणून ती महामंडळाच्याच दुकानातून घ्यावी. पण अस्सल असल्यामुळेच ती महाग. आम्ही दुकानात गेलो, हात लावून पाहिला, किंमत वाचली आणि बाहेर आलो. मावशी म्हणाली, ‘‘चांगली वस्तू पाहून घ्यावी. म्हणजे वाईट वस्तू कळते.’’ खरेच, त्या स्पर्शानंतर आमची बोटे शहाणी झाली.

अखेर चिकपेटच्या एका दुसऱ्या मजल्यावर धर्मावरमची रेशमी साडी मिळाली. गाव कोणते ते दुकानदाराने विचारताच सांगितले, जर ‘टेस्टेड’ आहे हेही न विचारता सांगितले. आंब्याच्या पानासारखा हिरवा रंग, कुंकवाच्या रंगाचे काठ. यादीत शालूला १८,००० धरले होते, साडी १४,५०० ला मिळाली. विहीणबाई आणि जवळच्या तिघी यांच्यासाठी त्याच दुकानात चार साड्या प्रत्येकी २,२०० रुपयांनी घेतल्या.

छावणीचा बाजार

तिसऱ्या दिवशी कमर्शियल स्ट्रीट. जांभळ्या मार्गावरच्या एम. जी. रोड स्थानकावर उतरून तिथपर्यंत चालत गेलो. हा भाग पेठेपेक्षा वेगळ्या वळणाचा. इंग्रजांनी १८०९ मध्ये इथे छावणी वसवली, तिच्या गरजेतून हा बाजार वाढला. इथे तयार कपडे, चपला, दागिने सगळे. मुख्य रस्त्यावर एका दराची मोठी दुकाने आहेत, पण खरी बचत आजूबाजूच्या गल्ल्यांत. इब्राहिम साहेब स्ट्रीटच्या बाजूला लेस, बटणे, मणी, अस्तर आणि कापडाचे तागे मिळतात.

रिसेप्शनसाठी मावसबहिणीने तयार घागरा पाहिला होता, १२,००० रुपयांचा. पुन्हा कधी घालणार, याचे उत्तर तिच्याकडे नव्हते. तिने गल्लीतून ३,२०० रुपयांचे कापड आणि लेस घेतली आणि पेठेतल्या त्या विठोबाच्या शिंपीकाकांकडे लांब कुडता व घेरदार स्कर्ट शिवायला टाकला. शिलाई २,५०० रुपये. ‘‘कुडता जीन्सवरही घालता येईल आणि स्कर्ट दिवाळीला,’’ असा तिचा हिशेब. नवरदेवाचा पोशाख आषाढ सेलमध्ये ७,४०० रुपयांत झाला. तो मात्र तिने त्याला व्हिडिओवर दाखवून, मापे विचारून घेतला. माप न विचारता घेतलेला जावयाचा सदरा आमच्या घराण्यात तीन वेळा पुतण्याला गेला आहे.

लहान मुलांचे कपडे आणि मावसबहिणीचे ऑफिसचे दोन कुडते यांसाठी आम्ही निर्यातीतल्या उरलेल्या मालाची दुकाने पाहिली. बेंगळुरूत तयार कपड्यांचे असंख्य कारखाने आहेत, पीण्या, बोम्मनहळ्ळी, म्हैसूर रोडच्या बाजूला. परदेशी मागणी असते त्यापेक्षा थोडे जास्त नग शिवावे लागतात, कारण तपासणीत काही नापास होतात. उरलेले नग बाजारात येतात. चिठ्ठी बहुतेक वेळा कापलेली असते. कापड उत्तम आणि किंमत कमी. पण हा माल नीट पाहून घ्यावा लागतो. दोन्ही बाह्यांची लांबी सारखी आहे का, पुढच्या आणि मागच्या भागाच्या रंगात फरक नाही ना, चेन पूर्ण वर जाते का, काखेतली शिवण उसवलेली नाही ना. परदेशी मापे आपल्या मापांशी जुळत नाहीत, म्हणून अंगाला लावूनच घ्यावे. आणि परत घेणार नाहीत, हे धरूनच चालावे. नुसती चिठ्ठी कापलेली दिसली म्हणजे माल निर्यातीचा, असेही नाही.

अशा एका दुकानात मी तीनशे रुपयांचा मुलांचा शर्ट हातात घेतला आणि मला या कारखान्यांतल्या बायका आठवल्या. इथल्या शिवणकामात बहुसंख्य स्त्रियाच आहेत. सरकारने भविष्य निर्वाह निधीतली रक्कम निवृत्तीपूर्वी काढण्यावर बंधने आणली, तेव्हा एप्रिल २०१६ मध्ये याच बायका हजारोंच्या संख्येने बेंगळुरूच्या रस्त्यांवर उतरल्या होत्या. मुलीच्या लग्नाला, आजारपणाला तोच त्यांचा आधार. सरकारला तो नियम मागे घ्यावा लागला. म्हणजे साठवलेला पैसा आणि मुलीचे लग्न यांचा मेळ घालणारी मावशी एकटी नव्हती. हा शर्ट जिने शिवला तिच्याही घरी अशीच एखादी यादी असेल. त्या शर्टाच्या किमतीत मग मला आणखी घासाघीस करवली नाही. शहाणी खरेदी म्हणजे समोरच्याला पिळून घेणे नव्हे.

मुलांचे कपडे आणि कुडते मिळून ३,४५० रुपये झाले.

‘‘अम्मा, हे तर तुमच्याकडचं!’’

आता यादीत एकच मोठी नोंद उरली होती : मानपानाच्या २४ साड्या, प्रत्येकी ६०० रुपये. एकूण १४,४००.

मानपानाच्या साड्या म्हणजे काय ते वाचकांना सांगायला नको. त्या कोणी नेसत नाही. कपाटात एकावर एक बसतात आणि पुढच्या लग्नात दुसऱ्या कोणाच्या तरी ओटीत जातात. मावशीच्या कपाटातही अशा अकरा साड्या आहेत. पण दिल्या नाहीत तर ‘‘काहीच केलं नाही’’ हे शब्द ऐकायची तिची तयारी नव्हती. त्या नऊ हजार चारशेचे मूळ खरे इथेच होते.

शेवटच्या दिवशी चिकपेटमध्ये एका घाऊक दुकानात आम्ही सहाशेच्या साड्या पाहिल्या. गाव विचारले तर दुकानदार म्हणाले, ‘‘यंत्रमागाचा माल आहे, पॉलिएस्टर. देण्याघेण्याच्या आहेत ना? मग चालतील.’’ मावशीचा चेहरा उतरला. तिने भिंतीकडे बोट दाखवले. तिथे खणांची थप्पी होती, गडद निळे, जांभळे, डाळिंबी, बारीक बुट्ट्यांचे आणि लाल काठांचे.

‘‘ते कुठले?’’

‘‘गुळेदगुड्डचे.’’ मग त्यांनी आम्हाला विचारले, ‘‘तुम्ही कुठल्या?’’

‘‘सोलापूर.’’

ते हसले. ‘‘अम्मा, हे तर तुमच्याकडचं! गुळेदगुड्ड बागलकोट जिल्ह्यात. इथून जेवढं लांब, त्याच्या निम्मंही तुमच्यापासून नाही. इरकल पण तिकडचीच. इथून कशाला ओझं नेता?’’

गिऱ्हाईक हातचे घालवून त्यांनी आम्हाला खरे सांगितले. मावशी त्यांच्याकडे बघतच राहिली. मग दुकानाच्या गादीवर बसूनच तिने यादी काढली आणि ‘मानपान’ या शब्दापुढच्या ‘साड्या’वर काट मारून ‘खण’ लिहिले.

खण म्हणजे चोळीचे कापड. आपल्याकडे ओटी खणानारळानेच भरतात, त्याला मान आहे आणि तो उपयोगाचाही आहे. साध्या सुती साडीवर खणाचा ब्लाउज हल्लीच्या मुलीही हौसेने घालतात. सहाशेच्या न नेसायच्या साडीपेक्षा दीडशेचा खण शंभर पटींनी बरा. आणि त्यात ‘काही केलं नाही’ म्हणायला जागाच नाही, कारण खण-नारळ म्हणजेच तर मानपान!

हिशेब

परतीच्या गाडीत मावशीने वही मांडली. शालू १४,५००. चार साड्या ८,८००. रिसेप्शनचा पोशाख शिलाईसह ५,७००. नवरदेवाचा पोशाख ७,४००. मुलांचे आणि ऑफिसचे ३,४५०. सोलापूरला घ्यायचे २४ खण, अंदाजे ३,६००. फॉल-पिको आणि ब्लाउजची शिलाई ४,०००. शिकवणी फी १,८००. एकूण ४९,२५०.

साठ हजारांतले १०,७५० रुपये शिल्लक. पाटल्यांचा विषय तिने काढला नाही, मीही नाही.

निघण्यापूर्वी एवढे जरूर करा

बेंगळुरूला खरेदीला जाणाऱ्या वाचकांसाठी चार गोष्टी सांगते.

यादी घरी करा आणि प्रत्येक वस्तूपुढे रक्कम लिहा. एका रकान्यात वाचले तरच दुसऱ्यात वाढवा.

सिल्क, सूत, तयार कपडे यांसाठी वेगवेगळे दिवस ठेवा. साडी आणि कापडासाठी चिकपेट, तयार कपड्यांसाठी कमर्शियल स्ट्रीट. गर्दी सोसत नसेल तर मल्लेश्वरम, गांधी बाजार किंवा जयनगर चौथा ब्लॉक हे घरगुती बाजार आहेत. हातमागासाठी राज्य सरकारची ‘प्रियदर्शिनी’ दुकाने पाहावीत.

भाव सांगतात तो करासहित की कराशिवाय, हे आधी विचारा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या तयार कपड्याच्या नगावर जीएसटी ५ टक्के आणि त्यावरच्या नगावर १८ टक्के आहे. महागड्या पोशाखाला हा फरक जाणवतो. छापील किंमत असेल तर तिच्यात कर धरलेलाच असतो, वर वेगळा देऊ नये.

आणि जी वस्तू आपल्याच गावाजवळ तयार होते, ती परगावाहून आणू नका.

मार्गशीर्षातल्या लग्नात ओट्या खणांनी भरल्या. मावशीने सोलापूरला माहितीच्या दुकानातून चोवीस खण निवडले, प्रत्येकीचा रंग वेगळा, ज्या त्या बाईला शोभेल असा. जाऊबाईंच्या वाट्याला मोरपंखी आला. त्यांनी तो उलगडला, उजेडात धरला, काठावरून बोट फिरवले.

‘‘कुठला गं हा?’’ त्यांनी विचारले.

मावशीने गाव सांगितले. तेव्हा पदर सावरायला तिने हात वर केला आणि मनगटातल्या पाटल्या किणकिणल्या.